साधा भूतकाळ : इंग्रजीचा आणि आपला

इंग्रजीचा साधा भूतकाळ हा व्याकरणातील सोपा धडा मानला जातो. क्रियापदाला '-एड' लावावा, अनियमित रूपे पाठ करावीत, की धडा संपला. तरीही मराठी माध्यमातून आलेला पदवीचा विद्यार्थी 'आय डिड नॉट वेंट' असे लिहितो. सीमाभागातील महाविद्यालयात मराठी शिकवताना अशी वाक्ये मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ती केवळ अज्ञानातून येत नाहीत. विद्यार्थी तेथे मराठीचे नियम इमानाने पाळत असतो. ते नियम कोणते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पहिला मुद्दा रूपाचा. मराठीचे '-ल-' रूप मुळात विशेषणासारखे वागणारे कृदन्त आहे. म्हणून 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळे खाल्ले' अशी क्रियापदे कर्माच्या मागे जातात, तर 'मी गेलो', 'मी गेले' ही रूपे कर्त्याचे लिंग सांगतात. इंग्रजीत 'एट' आणि 'वेंट' कर्त्याकडेही पाहत नाहीत, कर्माकडेही नाहीत. अपवाद 'वॉज' आणि 'वेअर' यांचा. रूपाच्या बाबतीत इंग्रजी येथे मराठीहून सोपी आहे, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

दुसरा मुद्दा नकाराचा. 'मी गेलो' याचा नकार 'मी गेलो नाही' असा होतो. 'गेलो' जागचे हलत नाही. इंग्रजीत मात्र काळाची खूण 'डिड' स्वतःकडे घेते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते : 'आय डिड नॉट गो'. प्रश्नातही तसेच : 'डिड यू गो?' खूण एकदाच, हा येथला नियम. हिंदीचे 'नहीं गया' आणि गुजरातीचे 'गयो नहि' मराठीसारखेच असल्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर वा बडोद्याच्या विद्यार्थ्याला शेजारभाषेचा आधार मिळत नाही. बेळगावच्या विद्यार्थ्याला तो मिळतो. कन्नडमध्ये 'नानु होदे' म्हणजे मी गेलो. पण नकारात 'नानु होगलिल्ल' होते, 'होदे' टिकत नाही. हैदराबादेत कानावर पडणाऱ्या तेलुगूतही 'वेळ्ळानु'चा नकार 'वेळ्ळलेदु' असा होतो. बाजारात सहज बोलली जाणारी ही वाक्ये इंग्रजीच्या वर्गात कामी येऊ शकतात. आपण ती वर्गाबाहेरच ठेवतो.

तिसरा मुद्दा अर्थाचा, आणि तो सर्वांत अवघड. मराठीचे '-ल-' रूप क्रिया पुरी झाल्याचे सांगते. ती केव्हा पुरी झाली हे प्रसंगावरून कळते. 'थांब, आलोच!' म्हणणारा अजून निघालेलाही नसतो. 'मला भूक लागली' ही आत्ताची भूक असते. 'पाऊस आला तर खेळ बंद' यातील पाऊस उद्याचा असू शकतो. इंग्रजीचा साधा भूतकाळ साध्या विधानात संपलेल्या वेळेकडे बोट दाखवतो. म्हणून 'आलोच'साठी 'आय केम' चालत नाही, 'आय ॲम कमिंग' म्हणावे लागते. उलट 'मी तो चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे' हे मराठीत सहज वाक्य आहे, पण इंग्रजीत 'लास्ट इयर' आले की 'हॅव सीन' चालत नाही, 'सॉ' हवे. वेळ संपली, की दार बंद.

वर्गासाठी एक साधा क्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्याने आधी मराठी वाक्य लिहावे. क्रियापद कोणाच्या मागे जाते ते पाहावे. मग त्याचा नकार करावा. येत असल्यास तोच नकार कन्नड वा तेलुगूत म्हणावा. वेळ संपली आहे का, हे ठरवावे. इंग्रजी वाक्य शेवटी लिहावे.

इंग्रजी सुधारावी म्हणून मराठी व्याकरणाचे तास कमी करण्याकडे आज अनेकांचा कल दिसतो. परंतु ज्याला 'गेलो नाही' याची घडण उमगली आहे, त्याला 'डिड नॉट गो' समजावून सांगणे कितीतरी सोपे जाते.