बाबांच्या अॅम्बॅसॅडरला चालायचं, मग आता काहून नाही?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत डेन्व्हरला असतात. दोघांनीही यंदा स्नोबोर्ड घेतले. ते गाडीच्या टपावर न्यायला कोणता रॅक घ्यावा, असं तिने मलाच विचारलं, कारण मी सायकल चालवते आणि गाडीही चालवते. इकडे आम्ही दोघं दिवाळीनंतर सायकली घेऊन चिखलदऱ्याला जायचं म्हणतो. अमरावतीत दोन दुकानं पालथी घातली. एक म्हणतो बसवून देतो, दुसरा म्हणतो तुमच्या गाडीला बसतच नाही. बाबांच्या अॅम्बॅसॅडरवर लोखंडी कॅरिअर होतं, त्यावर लग्नाचं आंदण जायचं, कोणी काही विचारत नसे. मग आताच काहून अडतं? आणि मुलीचा नि माझा प्रश्न एकच आहे की वेगळा?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ताई, दुसरा दुकानदार खरं बोलला. आधी अॅम्बॅसॅडरकडे बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या गाडीच्या टपाच्या कडेला आहे.

अॅम्बॅसॅडर, पद्मिनी, नंतरची ओम्नी या गाड्यांच्या टपाला दोन्ही बाजूंनी पत्र्याची बारीक पन्हळ असायची. पावसाचं पाणी दारात गळू नये म्हणून ती होती. पण ती टप आणि गाडीचा सांगाडा यांच्या जोडावरच असल्यामुळे भक्कम असायची. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत रोवायचे, खालून आकडा कसायचा, की भार टपाच्या पत्र्यावर न येता थेट सांगाड्यावर जायचा. एकच कॅरिअर थोडं कमी-जास्त करून चार वेगळ्या गाड्यांना बसे. म्हणून कोणी काही विचारत नसे. आजच्या बहुतेक मोटारींची ती पन्हळ गेली. तो जोड आता टपातल्या एका अरुंद खाचेत लपलेला असतो आणि वरून रबराची पट्टी असते. पाय रोवायला जागाच उरली नाही. मग पाय कुठे टेकवायचे आणि कशाला धरायचे, हे प्रत्येक मॉडेलला वेगळं झालं.

आता तुमच्याच गाडीजवळ जा आणि टपाकडे नीट बघा. दोन्ही कडांना लांब दांड्या असतील आणि त्यांच्याखालून बोटं आरपार जात असतील, तर त्या उंच रेल. दांडी टपाला चिकटलेली असेल, खाली फट नसेल, तर तिला धरणारा पाय निराळ्या घडणीचा लागतो. टप अगदी गुळगुळीत असेल तर दाराच्या चौकटीत आकडा अडकवणारा पाय लागतो, आणि तो त्या मॉडेलच्या मापाचाच हवा. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण तिथे फार लोक फसतात. आपल्याकडे कित्येक गाड्यांवरच्या रेल केवळ शोभेच्या असतात. दिसायला दणकट, पण बसवलेल्या असतात हलक्या स्क्रूंवर किंवा चिकटपट्टीवर. हे ओळखायचा खात्रीचा मार्ग गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. त्यात टपावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते. लहान गाड्यांना ती बहुधा ५० किलोच्या आसपास असते, मोठ्या गाड्यांना ७५ ते १००. रेलवर काहीही ठेवू नका असं त्यात लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपला. दुकानदाराने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

ही मर्यादा सामानाची एकट्याची नसते. रॅकचं वजनही तिच्यातच धरायचं. समजा तुमच्या गाडीची मर्यादा ५० किलो आहे. अॅल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या पायांसकट साधारण ५ किलो, सायकल ठेवायचे दोन ट्रे ८ किलो, आणि गिअरच्या दोन सायकली प्रत्येकी १५ प्रमाणे ३० किलो. झाले ४३. जमलं. आता तेच लोखंडी जाळीचं कॅरिअर घ्या, जे पहिला दुकानदार बसवून देतो म्हणाला. ते एकटंच २० किलो भरतं. सायकली धरून ५० झाले, आणि वर एक पिशवीसुद्धा ठेवायची सोय राहिली नाही. तो पाय बसवायला टपाला भोकं पाडतो म्हणाला, तर गाडी तिथून सरळ बाहेर काढा. भोकातून पाणी आत शिरतं आणि पत्रा सडतो, हे तर आहेच. पण बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूच्या पडदा-एअरबॅग टपाच्या कडेलाच गुंडाळून ठेवलेल्या असतात. ड्रिल कुठे शिरेल ते सांगता येत नाही.

इथवर वजनाचं झालं. माझ्या मते खरा प्रश्न वाऱ्याचा आहे.

हे मला कळलं ते चुलतबहिणीच्या लग्नात. अमरावतीहून अकोल्याला आंदण न्यायचं होतं. जीपच्या टपावर कापसाची एकेरी गादी, तिच्यावर दोन पेट्या, आणि सगळ्यावरून सुतळीचे वेढे. बांधणाऱ्यांत मी होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे गादीची पुढची कड पेटीखालून सुटली आणि उभी राहिली. पुढच्याच क्षणी सुतळी तुटली आणि गादी मागे रस्त्यावर गेली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने गाडी शेतात घातली म्हणून तो वाचला. त्याच्या बायकोच्या मांडीवर लेकरू होतं. ती बाई आम्हाला एक शब्दही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा आमचा वेग साठाच्या वर नव्हता. हिशेब साधा आहे. उभ्या सपाट फळीवर ताशी ६० किलोमीटरला वारा दर चौरस मीटरला साधारण १६ किलोंचा रेटा देतो. वेग १०० झाला की तोच रेटा ४५ किलोंवर जातो, आणि १२० ला ६५ च्या घरात. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, असं हे गणित आहे. आमची गादी पावणेदोन चौरस मीटरची. उभी राहिल्यावर तिला २५-३० किलोंची ओढ बसली. सुतळी तेवढ्यासाठी नव्हतीच.

आणि रस्ते आता तसे राहिले नाहीत. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर, लोणी ते माना या टापूत, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एका पदरी डांबरी थर अखंड अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. जिथे आम्ही खड्डे चुकवत साठाने जायचो, तिथे आज गाड्या कितीतरी जास्त वेगाने जातात. समृद्धी महामार्गावर तर मोटारीला सपाट भागात १२० ची परवानगी आहे. म्हणजे टपाची पन्हळ गेली, वेग वाढला, आणि आपण मात्र अजून सुतळीवरच आहोत. बाबांच्या काळात चालायचं ते आता का चालत नाही, याचं मला पटलेलं कारण हे.

म्हणून बांधायला सुतळी नको, आणि दोन टोकांना आकडे असलेली लवचिक रबरी दोरीही नको. ती ताणली जाते, आणि ताणली जाणं हाच धोका. विणलेला पॉलिएस्टरचा पट्टा घ्या, दात्याच्या कळीने नाहीतर साध्या बकलाने कसता येणारा. नायलॉन पावसात भिजला की सैल पडतो, पॉलिएस्टर तितका पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात टपावरच राहू दिलेला कोणताही पट्टा हळूहळू कुजतो. काम झालं की काढून घरात ठेवायचा. बोटाने चुरगाळल्यावर पांढरी पूड निघाली तर तो बाद.

आता तुमचा चिखलदरा. माझा प्रामाणिक सल्ला असा, की तुम्ही दोघंच जाणार असाल तर रॅक घेऊच नका. सायकलींची पुढची चाकं काढा, मागची सीट पाडा, जुन्या चादरीत गुंडाळून दोन्ही सायकली आत आडव्या घाला. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत त्या मावतात. घाटात गाडीचा तोल वर जात नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागत नाही, आणि चहाला थांबलं तर सायकलींवर नजर ठेवत बसावं लागत नाही. चौघं निघालात तरच टपाचा विचार करा.

मागच्या दाराला पट्ट्यांनी लटकणारा रॅक स्वस्त मिळतो आणि सायकल चढवायला सोपा, हे खरं. पण त्याच्यावर चढलेली सायकल नंबर प्लेट झाकते आणि मागचे दिवेही. नंबर प्लेट झाकून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दिवे झाकले गेले तर घाटात मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही, आणि मला त्याची भीती दंडापेक्षा जास्त वाटते. दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली. सामान बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलं, तर २० हजार रुपये. सायकलीचं हँडल गाडीच्या रुंदीबाहेर डोकावणार नाही, हे बघूनच निघा.

टपावर उभ्या सायकली लावल्या तर गाडीची उंची किती होते ते मोजा. दीड मीटरची गाडी, रॅक आणि सायकल मिळून पावणेतीन मीटरच्या जवळ जाते. रेल्वेखालचे भुयारी मार्ग, हॉटेलचा पोर्च, दुकानांचं तळघरातलं पार्किंग, घाटात रस्त्यावर आलेल्या फांद्या. आपण रोज ज्या गाडीत बसतो तिची उंची अंगात मुरलेली असते, त्यामुळे वर सायकल आहे हे विसरायला पाच मिनिटं पुरतात. उंचीचा आकडा चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मी दरवेळी चिकटवतो.

अमरावती सोडली की वलगावला एकदा थांबा, सगळ्या कळी हाताने हलवून बघा. पहिल्या काही किलोमीटरांत पट्टे बसतात आणि सैलावतात, त्यामुळे ही पहिली तपासणी सर्वांत कामाची. मग आसेगावला नजर टाका आणि परतवाड्याला घाट सुरू व्हायच्या आधी पुन्हा कसा. खायचं काही टपावर ठेवू नका. मेळघाटातली वानरं पिशवीची चेन उघडायला शिकलेली आहेत. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर, दिवाळीनंतर पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर-कानटोप्या टपावर ठेवायच्या तर ताडपत्रीत फडफडत ठेवू नका, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. फडफडणारी ताडपत्री म्हणजे पुन्हा तीच गादी.

मुलीचं आता. तिचा प्रश्न तुमचाच आहे, फक्त बर्फ आणि मीठ जास्त. स्नोबोर्ड साधारण दीड मीटर लांब, सव्वा-दीड वीत रुंद, पायपट्ट्यांसकट पाच किलोंच्या आसपास. म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही. टपावर सपाट झोपवला तर तो वारा कापतो. पुढचं टोक मोकळं राहून उचललं गेलं तर मात्र फळीसारखा अडतो. त्यासाठी दोन्ही आडव्या दांड्यांवर चिमट्यासारखा मिटणारा, रबराच्या पट्ट्यांचा धारक मिळतो. दुकानात तिने तीन गोष्टी स्वतः करून बघाव्यात. जाड हातमोजे घालून त्याची कळ उघडते का, कारण डोंगरात उणे दहाला हातमोजे काढून कोणी कळ शोधत बसत नाही. बोर्डाच्या पायपट्ट्या खाली टपाला घासतात का. आणि मागचं दार पूर्ण उघडल्यावर बोर्डाला आदळतं का. ही तिसरी गोष्ट लोक घरी आल्यावर शोधून काढतात.

डेन्व्हरहून बर्फाच्या मैदानांकडे जाणारा आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरून जातो. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या तिप्पट. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ आणि रसायनं टाकतात, ती पुढच्या गाडीच्या चाकांनी उडून बोर्डाच्या पोलादी कडांवर बसतात आणि गंज धरतो. त्यामुळे बोर्डाला खोळ हवी, नाहीतर बंद पेटी. पेटी महाग पण माझा कौल तिला, कारण बूट, हेल्मेट, ओले कपडे सगळं आत जातं. पेटीची आतली लांबी बोर्डापेक्षा जास्त असावी, आणि ती दोन्ही बाजूंनी उघडावी. पेटीवर ७५ किलो लिहिलेलं असलं आणि गाडीच्या पुस्तकात ५० असलं, तर ५० च खरे. खोक्यावर आयएसओ १११५४ चा उल्लेख आहे का तेही बघू द्या. टपावरच्या रॅकसाठीचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.

या धंद्यातलं मोठं नाव थुले. ती स्वीडिश कंपनी १९४२ साली मासे धरायचे सापळे बनवण्यातून सुरू झाली आणि गाडीवरच्या रॅकांकडे बऱ्याच नंतर वळली. तिचाच माल घ्यावा असं नाही.

एकच रॅक दोघींना चालेल का, तर अर्धा चालेल. आडव्या दांड्या बऱ्याचदा सारख्याच असतात. त्यांच्यावरच्या खाचेत सायकलीचा ट्रेही बसतो आणि बोर्डाचा चिमटाही. पाय मात्र तिच्या गाडीचे तिच्या, तुमच्या गाडीचे तुमच्या. तेव्हा तिकडून काही पाठवू नकोस म्हणून सांगा. आणि आज फोनवर बोलाल तेव्हा आधी तिला तिच्या गाडीचं पुस्तक उघडायला लावा, तुम्ही तुमचं उघडा. दोघींनी आपापला टपाच्या भाराचा आकडा एकमेकींना वाचून दाखवा. खरेदीचं त्यानंतर.