धाकट्याचा पांढरा घोडा

सोलापूर
चि. बाळ,

गड्ड्याच्या जत्रेहून परत गेल्यावर तू फोनवर विचारलंस, "मावशी, धाकट्याचं कसं गं होणार?" घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा बोलले नाही.

होम मैदानावर थोरलीनं तिकीट हाती पडायच्या आत उंच पाळण्याकडे धूम ठोकली. धाकटा तुझी ओढणी सोडेना. तू उचलून त्याला घोड्यांच्या पाळण्यात बसवलंस, तो किंचाळला, लोक बघायला लागले आणि तू धपाटा घातलास. दुसऱ्या दिवशी मी त्याला नेलं, पण बस म्हटलं नाही. अर्धा तास तो नुसता बघत उभा. माझे गुडघे बोलायला लागले. मग हळूच म्हणाला, "तो पांढरा थांबला की बसू?" बसला, तो उतरेचना.

न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ थॉमस आणि चेस या नवरा-बायकोनं १९५६ पासून १३३ मुलांवर तान्हेपणापासून वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. शंभरात पंधरा मुलं अशीच निघाली : नवं दिसलं की आधी मागे सरणारी, सवड मिळाली की रुळणारी. चाळीस सहज जुळवून घेणारी, दहा चटकन बिथरणारी, उरलेली कुठल्याच खणात न बसणारी. मला त्यांचं पुढचं म्हणणं जास्त पटलं. नुसत्या स्वभावानं बिघडत नाही. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही, की बिघडतं.

मला हे उशिरा कळलं. पाहुण्यांसमोर पाढे म्हणेना, म्हणून मी तुझ्या दादाला दाराबाहेर उभं केलं होतं. आता चाळिशी उलटली, तरी बेल वाजली की तो आतल्या खोलीत जातो.

जूनमध्ये धाकट्याची शाळा. त्याआधी दोन-चारदा आवारात फिरवून आण, बाईंची ओळख करून दे. पहिले काही दिवस रडेल, रडू दे. आणि "आमचा जरा लाजाळू आहे" हे त्याच्यादेखत बोलणं बंद कर. तो ऐकत असतो.

थोरलीचं तर तू विचारलंही नाहीस. तिला काही लागत नाही, असं सगळ्यांनीच धरलंय, मीसुद्धा. जत्रेच्या त्या रात्री शेंगाची चटणी सगळ्यांना तिनंच वाढली. तिच्या भाकरीवर नव्हती, ते मला ताटं उचलताना दिसलं.

येत्या रविवारी तिला एकटीलाच घेऊन कुठंतरी जा. काय काय बोलली, ते मला कळव.

तुझी,
मावशी