मॉलिक्युलर मॉडेलिंगमधील लवणविचार

वनस्पतिद्रव्यांवरील निबंधांत हल्ली संगणकीय 'डॉकिंग'चे निष्कर्ष आढळतात व औषधांच्या माहितीपत्रकांतही त्यांचा आधार घेतला जातो. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांनी रेणूंच्या स्थिरविद्युत विभवावर मूलभूत संशोधन केले. या शास्त्रातील एक महत्त्वाचा मुद्दा वैद्यांनी व फार्मसीचालकांनी समजून घेणे इष्ट ठरेल.

विद्युत्भारित कण निर्वातातून पाण्यात आला की पाण्याचे रेणू त्याच्याभोवती विशिष्ट दिशेने रचले जातात व ऊर्जा मुक्त होते. हीच स्थिरविद्युत सॉल्व्हेशन ऊर्जा होय. मॅक्स बॉर्न यांनी १९२० मध्ये तिचे सूत्र मांडले. २ अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या एकभारी आयनासाठी ती सुमारे ८२ किलोकॅलरी प्रति मोल येते.

परंतु शरीरातील द्रव म्हणजे शुद्ध जल नव्हे. आपल्या परिचयाच्या नॉर्मल सलाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम, म्हणजे ०.१५४ मोल मीठ असते. डिबाय व ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, विरुद्ध भाराचे आयन कणाभोवती जमून त्याचा प्रभाव झाकतात. या तीव्रतेस झाकणीचे अंतर सुमारे ८ अँगस्ट्रॉम असते. वरील आयनाच्या ऊर्जेत त्यामुळे जेमतेम ०.२ किलोकॅलरीचा फरक पडतो. मात्र १० अँगस्ट्रॉम अंतरावरील दोन भारांमधील आकर्षणाची ऊर्जा मीठविरहित पाण्यातील ऊर्जेच्या सुमारे २८ टक्केच उरते. लवणाचा परिणाम मुख्यत्वे दूरच्या भारांवर होतो, तो असा.

दारुहळदीतील बर्बेरीन धनभारित आहे, तर डीएनए तीव्र ऋणभारित. म्हणूनच मिठाचे प्रमाण वाढताच त्यांचा बंध दुर्बळ होतो. मीठ शून्य धरून केलेली गणना असा बंध वास्तवाहून बळकट दाखविते.

येथे पथ्यातील लवणाशी गल्लत करू नये. आहारात सैंधव किती घ्यावे, याचा निर्णय या गणनेतून निघत नाही.

सारांश, असा निबंध वाचताना तीन प्रश्न विचारावेत : लवणतीव्रता किती धरली? रेणूवर भार किती? प्रयोगशाळेत पडताळणी झाली काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो आकडा माहितीपत्रकावर छापू नये; रुग्णाचा विश्वास त्यावर अवलंबून असतो.