इंजिनाचा ताप ओळखणारा संवेदक

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. बंदराच्या रस्त्यावर रांगेत खोळंबलेली मोटार असो वा पुढे बोरघाट चढणारी, तिच्या इंजिनास अतितापाचा धोका असतोच. तो वेळीच ओळखण्याचे काम एक लहानसा संवेदक करतो.

इंजिनाभोवती खेळणाऱ्या शीतक द्रवात हा संवेदक बुडालेला असतो. त्यात थर्मिस्टर, म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांचा अर्धसंवाहक तुकडा असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो. थर्मिस्टरचा मात्र घटतो. असा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. प्रचारातील एका प्रकारात हा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांस सुमारे ३२० आणि १०० अंशांस सुमारे १९० ओहम असतो. इंजिनाचा संगणक ठराविक रोधातून ५ व्होल्टचा दाब देतो आणि संवेदकावरील दाब मोजून तापमान ठरवितो. त्यानुसार इंधनाचे प्रमाण व पंख्याची वेळ निश्चित होते.

किनाऱ्यावरील खारी हवा या व्यवस्थेस बाधक ठरते. संवेदकाच्या जोडणीवर गंज चढला की त्याचा रोध मूळ रोधात मिळतो. अवघ्या १०० ओहमची भर पडली, तरी १०० अंश तापलेले इंजिन संगणकास सुमारे ८५ अंशांचे भासते. परिणामी पंखा उशिरा फिरतो व पेट्रोल इंजिनास इंधन अधिक लागू शकते. शीतक गळून गेल्यास संवेदक कोरडा पडतो. मग इंजिन तापत असतानाही काटा खालीच राहू शकतो. म्हणून केवळ काट्यावर विसंबणे हितावह नाही.

कार्यालयांच्या व पंचायतींच्या वाहनांची देखभाल करणाऱ्यांनी इंजिन थंड असताना शीतकाची पातळी पाहावी, जोडणी वेळोवेळी तपासून घ्यावी आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. शिक्षकांनी जुना संवेदक पाण्यात बुडवून, पाणी हळूहळू तापवीत मल्टिमीटरने त्याचा रोध मोजून दाखवावा. घटता आकडा पाहून विद्यार्थ्यांस हे तत्त्व सहज उमगेल.