ट्रायकोकार्ड निर्मिती : कुशल रोजगाराची उभारणी आणि सातत्य

कृषी पदवीधरांना ग्रामीण भागातच कौशल्याधारित रोजगार मिळावा आणि शेतकऱ्यांना तज्ज्ञ सेवा उपलब्ध व्हावी, या हेतूने केंद्र शासनाने २००२ मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. हैदराबाद येथील ‘मॅनेज’ संस्था प्रशिक्षणाचे, तर नाबार्ड अनुदानाचे काम पाहते. ४५ दिवसांच्या विनाशुल्क निवासी प्रशिक्षणानंतर बँक कर्जाशी निगडित ३६ टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. मित्रकीटकांची प्रयोगशाळा हा या योजनेतील एक उपयुक्त व्यवसाय होय.

आवश्यक कौशल्य
ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक कॉर्सायरा पतंगाच्या अंड्यांवर वाढवला जातो. भरडलेल्या ज्वारीवर कॉर्सायराची पिढी पूर्ण होण्यास साधारण दीड महिना लागतो. अंडी अतिनील किरणांखाली निर्जीव करून कार्डावर चिकटवतात व ट्रायकोग्रामाला देतात. परोपजीवीग्रस्त अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात आणि सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास प्रौढ बाहेर पडतात. उष्णता, मुंग्या किंवा ब्रेकॉनचा शिरकाव झाल्यास संपूर्ण संवर्धन धोक्यात येते. त्यामुळे येथे प्रशिक्षित हातांना पर्याय नाही.

रोजगार का टिकत नाही?
अनुदानातून प्रयोगशाळा उभी राहते. ती चालते मात्र नियमित मागणीवर. कीड दिसल्यानंतर शेतकरी कार्ड मागतो, तेव्हा संवर्धन सुरू करण्याची वेळ टळलेली असते. उलट, मागणीअभावी उरलेली कार्डे वाया जातात, कारण शीतकपाटातही ती मर्यादित काळच टिकतात. अशा दोन-तीन हंगामांनंतर कुशल तंत्रज्ञ अन्यत्र नोकरी शोधतो आणि परिसरातील शेतकरी त्या सेवेला मुकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी शिफारशी
१. ऊस, भात इत्यादी पिकांच्या लागवडीच्या नोंदीवरून कार्डांची गरज किमान दोन महिने आधी प्रयोगशाळेस कळवावी.
२. शेतकरी गट, उत्पादक कंपन्या व साखर कारखाने यांच्यामार्फत आगाऊ नोंदणी करावी.
३. कार्ड घेताना निर्मितीचा व प्रौढ बाहेर पडण्याचा दिनांक तपासावा. कार्डे उन्हात नेऊ नयेत. सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस लावावीत.
४. कार्डे लावण्यापूर्वी व नंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशकांची फवारणी टाळावी.

प्रशिक्षण व अनुदान ही शासनाची जबाबदारी आहे. वेळेवर मागणी नोंदवण्याचे काम मात्र गावपातळीवरच होऊ शकते, आणि तंत्रज्ञाचा रोजगार त्यावरच अवलंबून आहे.