कारखाना चालू, धूर कमी : भिलाईच्या हवेचा एक अभ्यास

माझे घर भिलाईच्या स्मृति नगरात आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आजी सकाळी उठल्याबरोबर तुळशीची पाने ओल्या फडक्याने पुसताना दिसली. मी विचारले, तर म्हणाली, "अरे, रोज पुसली नाहीत तर काळी पडतात." आजीला दम्याचा त्रास आहे आणि थंडीत तो वाढतो. बाबा मात्र एका कारखान्यात भट्टीवर कामाला आहेत. आमचे घर त्याच पगारावर चालते. म्हणून "कारखाने बंद करा" असे म्हणणे मला सोपे नाही. कारखाना चालू ठेवून हवा स्वच्छ कशी ठेवता येईल, हे समजून घेण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

शहराची ओळख

1955 साली सोव्हिएत रशियाबरोबर करार झाला आणि भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आणि चुनखडी नंदिनीहून येऊ लागली. देशाच्या रेल्वेचे रूळ इथे तयार होतात, याचा प्रत्येक भिलाईकराला अभिमान आहे. पुढे आसपास सिमेंटचे, लोखंडाचे आणि इतर लहान-मोठे उद्योग आले. आज भिलाईचे नाव रायपूर आणि कोरबा यांच्याबरोबर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. हा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. हवेतील धूलिकण कमी करणे हा त्याचा मुख्य हेतू आहे.

माझा छोटा प्रयोग

मी एका पांढऱ्या बशीला व्हॅसलिन लावून ती तीन दिवस गच्चीवर ठेवली. दुसरी बशी कोरडीच ठेवली. तिच्यात साचलेल्या धुळीवरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवले, तर काही काळे कण कागदाला चिकटले. मी आनंदाने बाबांना दाखवायला गेलो. ते म्हणाले, "यातली कुठली धूळ कारखान्याची आणि कुठली रस्त्याची, हे सांग बघू." मला सांगता आले नाही. आपल्या भागातल्या मातीतही लोह असते. शिवाय वाहने, जाळलेला कचरा, फटाके आणि शेकोट्या यांचीही भर पडते. दोष देण्याआधी मोजमाप हवे, हा धडा मला तिथे मिळाला.

मोजायचे काय?

10 मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम 10 आणि 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम 2.5 म्हणतात. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाच्या 2009 च्या मानकांनुसार पीएम 10 ची वार्षिक सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 ची 40 मायक्रोग्रॅम यांच्या आत असावी लागते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, त्यामुळे धूर खालीच अडकतो. आजीचा त्रास थंडीत का वाढतो, याचे एक कारण हेही असू शकते.

धूर अडवायचा कसा?

1. विद्युत धूळ-संग्राहक : धूर उच्च दाबाच्या विजेच्या तारांमधून सोडतात. कणांवर विद्युतभार येतो आणि ते धातूच्या पत्र्यांना चिकटतात. ठराविक वेळाने हातोड्या पत्र्यांवर आपटतात आणि धूळ खाली पडते. यंत्र नीट चालले तर 99 टक्क्यांहून अधिक धूळ अडते.

2. कापडी पिशव्यांची गाळणी : चहा गाळावा तसा धूर गाळला जातो. मात्र एक पिशवी फाटली तरी धूळ निसटते, म्हणून नियमित तपासणी लागते.

3. कोक भट्टीतील सुधारणा : कोळसा हवेशिवाय तापवून कोक बनवतात. भट्टीची दारे घट्ट बसली नाहीत तर वायू गळतात. तापलेला कोक पाण्याने विझवण्याऐवजी बंद कक्षात नायट्रोजनने थंड केला, तर धूळ कमी उडते आणि त्या उष्णतेपासून वीजही मिळते.

4. उडती धूळ : सगळी धूळ चिमणीतून येत नाही. उघडे ढीग, पट्टे आणि ट्रक यांच्यातूनही ती उडते. पट्टे झाकणे, पाणी फवारणे, ट्रकवर ताडपत्री टाकणे आणि झाडांचे पट्टे लावणे हे उपाय स्वस्त आहेत.

देखरेख आणि नियम

हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा 1981 चा आहे. 2014 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर 2009 च्या पाहणीत अतिप्रदूषित ठरले आणि 2010 मध्ये तिथे नव्या उद्योगांच्या परवानग्या काही काळ थांबवल्या गेल्या. 2017 पासून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांना धुराप्रमाणे एक ते पाच तारे देऊ लागले. सुरतेत 2019 मध्ये वेगळा प्रयोग झाला. तिथे सुमारे 300 कारखान्यांसाठी धुळीची एकूण मर्यादा ठरवली गेली. ज्याने धूळ जास्त कमी केली, त्याला उरलेला परवाना विकता आला. त्यातून धूळ 20 ते 30 टक्के घटली आणि कारखाने चालूच राहिले.

आपण काय करू शकतो?

कॅडेट मित्रांनो, सकाळी धावायला निघण्यापूर्वी हवेचा निर्देशांक पाहा. तो 200 च्या वर गेला तर हवा 'खराब' असते. अशा दिवशी प्रशिक्षकांना सांगून व्यायाम हलका करावा. पालकांनी कचरा जाळू नये. कुठल्या चिमणीतून काळा धूर दिसला तर दिवस, वेळ आणि ठिकाण लिहून मंडळाकडे तक्रार करावी. नोंद असलेली तक्रार टाळणे कठीण असते.

सुट्टी संपून निघताना बाबा म्हणाले, "भट्टी कशी चालवायची ते आम्ही शिकलो. स्वच्छ कशी चालवायची ते तुम्ही शिका." पुढे अभियंता झालो, तर याच कामासाठी भिलाईला परतायचे मी ठरवले आहे.