ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेची निगा

पेरणीच्या दिवसांत वाफसा फार काळ टिकत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरचे इंजिन उत्तम चालत असूनही पेरणीयंत्र उचलले जात नसेल, तर तो ट्रॅक्टर असून नसल्यासारखाच होय. तालुक्याहून कारागीर येईपर्यंत ओल उडून जाते व हंगामातील मोलाचे दिवस हातचे जातात. अशा बिघाडाचे मूळ शोधू गेल्यास पुष्कळदा तेलात शिरलेली धूळ अथवा पाणी हेच आढळते. या दोहोंना यंत्रणेबाहेर ठेवणे सर्वस्वी शेतकऱ्याच्या हाती आहे. ते कसे साधावे, याचा विचार येथे केला आहे.

यंत्रणेचे कार्य

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. ट्रॅक्टरची लिफ्ट याच नियमावर चालते. पंप टाकीतील तेल ओढून दाबाखाली सिलिंडरात पाठवितो. तेथील दट्ट्या सरकतो व लिफ्टचे हात औजार उचलतात. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम असेल, तर ८ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर सुमारे ७,५०० किलोग्रॅमचा जोर येतो.

एवढा दाब धरून ठेवावयाचा म्हणजे पंपाच्या व झडपांच्या भागांतील फट अत्यल्प असावी लागते. अनेक ठिकाणी ती मिलिमीटरच्या ५ ते २० हजारांश इतकीच असते. माणसाचा केस सुमारे ७० हजारांश जाड असतो. म्हणजे डोळ्यांस न दिसणारा धुळीचा कणही या फटीत शिरून धातू घासू शकतो. घासलेल्या धातूचा कीस तेलात मिसळतो व तो आणखी धातू घासतो. फट वाढली की दाब टिकत नाही. म्हणून तेल डोळ्यांस निर्मळ दिसते, एवढ्यावरून ते स्वच्छ आहे असे मानू नये.

तेल व गाळणी

१. तेलाची पातळी रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, औजार खाली टेकवावे, इंजिन बंद करावे व मगच मोजपट्टी काढावी.

२. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर व लिफ्ट यांना एकच तेल असते. अशा ठिकाणी भलतेच तेल घातल्यास दोन्हींचे नुकसान होते.

३. टोपण उघडण्यापूर्वी सभोवतालची माती पुसून काढावी. तेलाचा डबा, नरसाळे व हात स्वच्छ असावेत. धागे सुटणारी चिंधी वापरू नये. डबा उघडा ठेवू नये.

४. तेल व गाळणी पुस्तिकेतील तासांप्रमाणे बदलावी. नव्या यंत्रात सुरुवातीच्या झिजेचा कीस निघतो, म्हणून पहिला बदल लवकर सांगितलेला असतो. तो टाळू नये.

जोड, नळ्या व सिलिंडर

पलटी नांगर किंवा ट्रॉलीचा जॅक जोडताना एक गोष्ट बहुधा ध्यानात येत नाही. त्या औजाराच्या सिलिंडरातील तेल परत आपल्याच ट्रॅक्टरच्या टाकीत येते. शेजाऱ्याचे औजार मागून आणले, तर त्यातील घाणही आपल्या पंपात येते. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंची तोंडे पुसावीत व सोडल्यानंतर त्यांवर टोपणे बसवावीत. नळीचे तोंड मातीत लोळू देऊ नये.

सिलिंडरच्या दांड्यावरील चकाकी जपावी. दगड लागून ओरखडा पडल्यास तो ऑइल सील फाडतो आणि तेथून तेल बाहेर व माती आत जाते. नळी पिळलेली, घासलेली किंवा फुगलेली दिसल्यास ती फुटण्याची वाट न पाहता बदलावी. गळती लहान म्हणून सोडू नये. दर सेकंदाला एक थेंब गळाला, तरी आठ तासांत एक ते दीड लिटर तेल जाते.

बिघाडाची लक्षणे

तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. तेलावर फेस येत असेल किंवा औजार हिसके देत उचलले जात असेल, तर हवा शिरली असावी. पंप कर्कश आवाज करीत असल्यास तेलाची पातळी व गाळणी आधी पाहावी. उचलून ठेवलेले औजार आपोआप खाली येऊन पुन्हा वर जात असेल, तर आतून दाब गळत आहे. अशा वेळी कारागिरास दाखवावे. जादा दाब सोडणारी झडप आवळून जोर वाढविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्याने नळी फुटते किंवा पंप निकामी होतो.

जीवास जपावे

दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी ती अत्यंत धोक्याची असते. अशा माणसास घरगुती उपचारांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात न्यावे व तेल शिरल्याचे डॉक्टरांस सांगावे. गळती बोटाने कधीही चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून पाहावी. जोड सोडण्यापूर्वी औजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे व लिव्हर हलवून दाब काढावा. उचललेल्या औजाराखाली अगर ट्रॉलीखाली भक्कम आधार दिल्यावाचून कोणीही शिरू नये.

हंगाम संपल्यावर

औजार धुताना पाण्याचा फवारा टोपणांवर व सीलवर मारू नये. सिलिंडरचा दांडा आत घेऊन ठेवावा. बाहेर राहणाऱ्या भागास वंगण लावावे. ट्रॅक्टर छपराखाली उभा करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एक साधे प्रात्यक्षिक अवश्य करून दाखवावे. प्रत्येक ट्रॅक्टरचे थोडे तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी पाणी किंवा गाळ साचलेला दिसला, तर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. एका चिंधीचे व दोन टोपणांचे मोल किती, हे शेतकरी बंधूंना त्या बाटलीवरूनच उमगेल.